तिसरा हिस्सा

धाडसाचे कौतुक करताना आपण सहसा हात आखडता घेत नाही. कोणी विहिरीत उंचावरून उडी मारली की आपण टाळ्या पिटतो. पण उडी मारण्यापूर्वी पाणी किती आहे असे विचारणारा मात्र आपल्याला भित्रा वाटतो. शौर्य आणि हिशेब यांचे जणू हाडवैरच आहे, अशी आपली समजूत. तिला धक्का देणारी एक विद्या अलीकडे माझ्या ऐकण्यात आली. पाण्याखालच्या गुहांत आणि बुडालेल्या जहाजांत शिरण्याची ही विद्या.

मी पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेला माणूस. समुद्राचा तळ पाहण्याचा योग या जन्मी येईलसे वाटत नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत फ्लॉरिडात असतो. तिकडे चुनखडीच्या खडकातून गोड्या पाण्याचे झरे उगवतात आणि त्यांच्या पोटात लांबच लांब गुहा आहेत. सुट्टीत गावी आला तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, पहिला धडा पाण्यात नव्हताच. झाडाझाडांना दोरी बांधली, डोळे मिटायला लावले आणि सांगितले, आता दोरी चाचपत बाहेर या!”

मला हसू आले. पण त्यातले मर्म त्याने पुढे सांगितले. उघड्या समुद्रात काही बिघडले तर माणूस सावकाश वर येऊ शकतो. गुहेत डोक्यावर खडक असतो आणि जहाजात लोखंड. पाय चुकीचा हलला की तळचा गाळ उठतो आणि क्षणात स्वतःचा तळहात दिसेनासा होतो. म्हणून बाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून आतपर्यंत न तुटलेली दोरी हवी. दिवे प्रत्येकी तीन हवेत. एक विझला, दुसरा बिघडला तरी तिसरा उरावा. आणि नवशिक्याने तोंडाकडचा सूर्यप्रकाश दिसतो तेथवरच जायचे. आपल्या घराच्या भाषेत ही ओसरी झाली. माजघरात जायचे तर शिक्षण निराळे. काही झऱ्यांवर तर हे शिक्षण नसलेल्याला पाण्यात विजेरी नेऊच देत नाहीत. हातात दिवा असला की अंधारात डोकावण्याचा मोह होतो, हे त्यांनी ओळखले आहे.

हे नियम कोणी खुर्चीत बसून केलेले नाहीत. फ्लॉरिडातच शेक एक्स्ली नावाचा एक पाणबुड्या होऊन गेला. शाळेत गणित शिकवणे हा त्याचा व्यवसाय. गुहांत माणसे कशी मेली याचा शोध घेऊन त्याने १९७९ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. दोरी नव्हती, हवा राखून ठेवली नव्हती, खोली झेपली नाही, अशीच कारणे पुनःपुन्हा निघाली. (हा आचार्यही १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या एका अतिखोल विवरात वारला. नियम म्हणजे अमरत्वाचा ताम्रपट नव्हे.)

त्या नियमांतला एक माझ्या मनात घर करून राहिला आहे. टाकीतल्या हवेचे तीन हिस्से करायचे. समजा, दाब २१० आहे. तर ७० जाताना, ७० येताना, आणि उरलेल्या ७० ना हात लावायचा नाही. हे अपूर्णांक चौथीतल्या मुलालाही येतील. पण तो तिसरा हिस्सा कोणाचा? सर्वांत आतल्या टोकाला सोबत्याची हवा अचानक संपली, तर त्याला बाहेर आणण्यापुरती ती शिल्लक! म्हणजे ती माझ्या पाठीवर असते, पण माझी नसते. आणि घाबरलेला माणूस श्वास भराभर घेतो, म्हणून हा हिस्साही कमीत कमी समजायचा. दोघांपैकी ज्याचा पहिला हिस्सा आधी संपेल त्याने खूण केली की दोघांनीही वळायचे. इतकेच नव्हे, कोणालाही केव्हाही परत फिरावेसे वाटले तर त्याने कारण सांगायचे नाही आणि दुसऱ्याने विचारायचे नाही.

साधनांची निवडही याच न्यायाने होते. तांबड्या समुद्रात ‘थिसलगॉर्म’ नावाचे ब्रिटिश मालवाहू जहाज १९४१ साली जर्मन विमानांनी बुडवले. त्याच्या पोटात आजही मोटारसायकली आणि मालमोटारी आहेत. ते पाहायला दूरदूरचे लोक येतात. अशा जहाजाच्या अरुंद वाटेने दोघे शेजारी-शेजारी निघू शकत नाहीत. म्हणून एक श्वासनळी सुमारे सात फूट लांब ठेवतात. सोबती अडचणीत आला की पाणबुड्या स्वतःच्या तोंडातली ही नळी काढून त्याला देतो आणि गळ्यात अडकवलेली जादा नळी आपल्या तोंडात घालतो. कारण तोंडातली नळी चालू आहे, याची खात्री असते. तोंडचा घास काढून देणे हा शब्दप्रयोग मी वर्गात अनेकदा समजावून दिला. त्याचे इतके शब्दशः उदाहरण मला सुचले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, “मोजूनमापून केलेले औदार्य हे कसले औदार्य? ते अंतःकरणातून उसळून यायला हवे.” शंका खरी आहे. पण अंतःकरण उसळले आणि टाकी रिकामी असली तर एकाऐवजी दोघे मरतात. ऐन वेळच्या त्यागाची आपण गाणी गातो. त्या त्यागाची वेळच येऊ नये म्हणून आधी मुकाट्याने मागे वळलेल्या माणसाचे गाणे कोणी गात नाही. वास्तविक त्याची कसोटी अधिक कठीण. समोर सुंदर दालन दिसते आहे, काही बिघडलेले नाही, काट्यावर हवा भरपूर दिसते आहे. आणि तरीही ‘ही माझी नाही’ असे म्हणून तो वळतो. ‘माझा जीव, माझी मर्जी’ हे वाक्य त्याला उच्चारताच येत नाही. त्याच्या पाठीवर दुसऱ्याचा जीव असतो.

“तो हिस्सा तुला कधी वापरावा लागला का?” मी विचारले.

“नाही, गुरुजी. दर वेळी तसाच परत येतो.”

मग तो वाया गेला म्हणायचा का? माझी आई भात टाकताना घरची माणसे मोजून झाल्यावर एक मूठ तांदूळ अधिक टाकीत असे. कोणासाठी, हे तिलाही ठाऊक नसे. पाहुणा आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हां मुलांना फोडणीचा भात मिळे. पण म्हणून तिने ती मूठ कधी कमी केली नाही.