आबांची खोटी बँक

माझ्या आजोबांसाठी मी एक खोटी बँक बांधली, त्याला चार महिने झाले. ती त्यांच्याच डेस्कटॉपवर चालते, तिचा एकच खातेदार आहे आणि तिच्यात एक रुपयाही नाही.

आबा बँकेतून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी जाडजूड लेजरांवर. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकले आणि मग सकाळचा चहा झाला की एक्सेलमध्ये घरखर्च, एक तारखेला लाइटबिल, गॅस, आजीच्या नावाने एका शाळेला देणगी. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. क्रम मोडला नाही, त्यामुळे आम्हालाही ते बरेच बरे वाटायचे.

मग एका दुपारी स्क्रीनवर लाल चौकट आली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा. आबांनी केला. समोरच्याने सांगितलेलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, स्क्रीन त्याच्या ताब्यात दिली, ओटीपी वाचून दाखवला. अठ्ठेचाळीस हजार गेले. १९३० वर तक्रार केली, पण आम्हाला कळेपर्यंत तीन दिवस उलटले होते. पासबुकातली नोंद बघून आबांनीच बाबांना विचारलं, "ही कोणी केली रे?" बाबा गप्प.

पुढचं काम माझं. त्यांचे ॲडमिनचे अधिकार काढले, ठरावीक साइट्सच उघडतील असं केलं, त्यांनी पाठवलेले मेल आधी माझ्याकडे वळवले. नेट बँकिंग बंद करण्याच्या अर्जावर त्यांची सही घेतली. अर्ज त्यांना वाचून दाखवला होता. समजला का, हे विचारलं नाही.

१८७२चा भारतीय करार कायदा या बाबतीत माझ्यापेक्षा उदार आहे. एरवी भानावर नसणारा, पण अधूनमधून भानावर येणारा माणूस तेवढ्या काळात करार करू शकतो, असं त्याचं कलम १२ म्हणतं. माझ्या सेटिंगमध्ये 'अधूनमधून' हा पर्यायच नाही. अधिकार असतात किंवा नसतात. याच कायद्याचं कलम २०१ मात्र विचित्र आहे. अधिकार देणाऱ्याचं भान हरपलं की त्याने दुसऱ्याला दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवशी ते सर्वांत जास्त लागतं, त्याच दिवशी. मग घरोघरी होतं तेच आम्ही केलं, कोणालाच न विचारता.

एक तारीख आली. आबा दिवसभर पासवर्ड टाकत राहिले. संध्याकाळी ओरडले, "माझे पैसे अडवलेत कोणी?" त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ऑफिसमध्ये टेस्टिंगसाठी आम्ही खोटं पेमेंट गेटवे बनवतो, त्याला मॉक म्हणतात. काहीही पाठवा, ते 'यशस्वी' म्हणतं. दोन रात्री जागून मी तसंच बँकेचं पान बनवलं. जुन्या नोंदी भरल्या, दर महिन्याला पेन्शन जमा होईल अशी सोय केली. खरी बिलं आता बाबांच्या खात्यातून जातात.

जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमासमोर खोटा बसथांबा आहे. घरी जायचंय म्हणून बाहेर पडलेले स्मृतिभ्रंशाचे रुग्ण तिथे बसतात. बस येत नाही, थोड्या वेळाने निघायचं होतं हेच ते विसरतात, आणि कोणीतरी त्यांना चहाला आत नेतं. या थांब्याचा दाखला मी स्वतःला बरेच दिवस देत होतो. पण थांब्यावरची फसवणूक तासाभरात संपते. माझी बँक प्रत्येक नोंद लक्षात ठेवते, इथे खोटं चक्रवाढीने वाढतं.

रोनाल्ड ड्वॉर्किन या तत्त्वज्ञाचं म्हणणं असं की अशा वेळी माणसाने शाबूत असताना ज्या मूल्यांवर आयुष्य उभं केलं, त्यांचा मान राखावा. रिबेका ड्रेसर त्यावर विचारतात, मग आज समोर बसलेल्या माणसाचं काय? पूर्वीच्या आबांना खोट्या लेजरपेक्षा कुलूपबंद बँक परवडली असती, याबद्दल मला शंका नाही. आजचे आबा एक तारखेला बिल भरून शांत झोपतात. मी ड्रेसरबाईंच्या बाजूने होतो. जुलैपर्यंत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे वळलेल्या मेलमध्ये एक मेल दिसला. "महोदय, माझ्या बचत खात्यात ३० जूनअखेरचे व्याज जमा झालेले नाही. कृपया चौकशी व्हावी." सोबत एक्सेल. पेन्शन मला आठवली होती, तिमाही व्याज विसरलो होतो. त्यांचं गणित रोजच्या शिल्लकेवर होतं. एप्रिल २०१०पासून तोच नियम आहे. त्याआधी दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर व्याज मिळायचं, आणि आबांची बहुतेक नोकरी त्या जुन्या नियमात गेलेली. मी पडताळून पाहिलं. बरोबर होतं. सकाळी माझं नाव विसरलेल्या माणसाने माझ्या कोडमधला बग पकडला होता.

त्या मेलमध्ये दोन आबा नव्हते. एकच होते, आणि त्यांची तक्रार खरी होती.

मी काय केलं? व्याज जमा केलं. पान उघडून आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चूक मान्य केलेली दिसतेय. पण दिलगिरीचं पत्र नाही?" जरा थांबून माझ्याकडे वळले. "सिस्टिम नवीन वाटतेय यांची. कोणी केली, विचार जरा."

"विचारतो आबा," म्हणालो.

ते हसले की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. पत्र लिहून ठेवलंय, तीनच ओळींचं. खाली सही कोणाची करायची, तिथे अडलोय.