कोणाला दाखवायला?

"या वयात शोभायचं ते कोणाला दाखवायला गो?" आत्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशीला आम्ही बायका देवळात एकनाथी भागवत वाचतो, आणि मी स्वतःसाठी लांब ड्रेस बेतायला काढला होता. साडीऐवजी ड्रेस घालणार, याचं आत्याला काही वाटलं नसतं. पोफळीला कोयना प्रकल्पाची वसाहत झाल्यापासून घाटावरच्या नि कुठकुठच्या बायकांचे पेहराव आम्ही पाहत आलो आहोत. तिला खटकलं ते वेगळंच. कुठला घेर मला चांगला दिसेल यावर मी दुपारभर कागदावर आकडे मांडत बसले होते.

आधी ते आकडेच सांगते, कारण माझं उत्तर मला तिथून मिळालं.

माझी कंबर ३४ इंच, पोट थोडं पुढे, सीट त्या मानाने बेताची. चुण्यांचा घेर शिवायला सर्वांत सोपा, पण सगळं कापड कंबरेवर गोळा होतं, म्हणजे जिथे आधीच भर आहे तिथेच आणखी भर. अंब्रेला कंबरेवर सपाट बसतो. त्याला त्रिज्या काढायची, कंबरेला ६.२८ ने भागायचं. पण पूर्ण गोल कापडात काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही क्रॉस. क्रॉस भाग लोंबून खाली उतरतो आणि घेर खालून वरखाली दिसतो. शिवाय आमच्याकडच्या पावसात एवढं कापड वाळायचं कधी? म्हणून मी सहा कळ्यांवर आले. कंबर ३४, सैल २, झाले ३६. प्रत्येक कळी वर ६ इंच, शिलाईला दोन्हीकडे अर्धा अर्धा धरून ७. खाली प्रत्येक कळी १५ ठेवली की ९० इंचांचा घेर मिळतो, चालायला भरपूर. कळीच्या मधोमध उभा धागा धरायचा म्हणजे ती सरळ पडते. सीटपर्यंत अंगाबरोबर, तिथून खाली मोकळी. उंची पोटऱ्यांपर्यंतच, कारण घसरणीच्या वाटेवर घोट्यापर्यंतचा काठ भिजतो. घेर जोडला की ड्रेस एक रात्र टांगून ठेवायचा आणि मगच खालची दुमड घालायची. क्रॉस जेवढा उतरायचा तेवढा त्या रात्रीत उतरतो.

यात कुठे खोटेपणा आहे? टेप लावताना पोट आत ओढलं की ड्रेस बसत नाही. शिवणारीला स्वतःचं अंग आहे तसं मान्य करावं लागतं, आकड्यानिशी. लाज बाळगून माप कमी लिहिलं तरी फसतं, कौतुकाने लिहिलं तरी फसतं. शिवायला आलेल्या मुली म्हणतात, "काकी, हे झाकेल असं काहीतरी द्या." त्यांना मी सांगते, झाकायच्या हिशेबाने शिवलेला कपडा अंगाशी भांडतो. आधी अंग कसं आहे ते बघ, मग कापड कुठे सोडायचं ते ठरव.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, कबूतर, अजगर, हातातली कांकणं वाजू नयेत म्हणून एकेक उतरवणारी कुमारी, बाण घडवताना शेजारून राजाची स्वारी गेली तरी पत्ता न लागलेला कारागीर. आणि हे सगळे सांगून झाल्यावर नवव्या अध्यायात तो म्हणतो, माझा देहही माझा गुरू आहे. एकनाथांनी १५७३ साली काशीत या स्कंधावरची आपली टीका पुरी केली, त्या टीकेत या जागी ते थांबतात आणि देहाबद्दल दोन्ही टोकं नाकारतात. निंद्य म्हणून टाकला तर मोक्षसुखाला मुकाल, वंद्य म्हणून भोगत बसलात तर नरक ठेवलेला. त्याला साधनेला लावा, एवढंच. मला हा भाग वाचताना नेहमी शिवणाचं टेबल आठवतं. कळी कापताना मन कापडावर असतं, ते बाण घडवणाऱ्यासारखं. तेव्हा 'मी' फारशी तिथे नसते.

शिमग्याला आमच्या भागात पालखीला रूपं लागतात. देवीचा चांदीचा मुखवटा, त्याखाली नवसाची साडी, निऱ्या नीट याव्यात म्हणून जाणती माणसं किती वेळ घालवतात! निरी वाकडी गेली तर सोडून पुन्हा घालतात. त्या शोभेला कोणी सोस म्हणत नाही, आणि म्हणूही नये. शोभा ही मुळात दोषाची गोष्ट असती तर देवीपासून ती दूर ठेवली असती.

पण आत्याच्या प्रश्नातला 'कोणाला' अजून उरतोच, आणि तो सोपा नाही. त्याच अवधूताच्या गुरूंमध्ये पिंगला आहे, विदेह नगरीतली गणिका. नटून दारात उभी, हा येईल, तो येईल, आत-बाहेर करत मध्यरात्र झाली. मग तिला वैराग्य आलं आणि ती शांत झोपली. मूळ भागवतात तिने दागिने उतरवल्याचं नाही. तिने आशा तोडली. तिला जाळत होतं ते दारातलं उभं राहणं. पुढच्या माणसाची नजर आपल्यावर पडली तरच आपण आहोत, ही आस. तशी आस साध्या पांढऱ्या लुगड्यातही असू शकते, 'बघा मी किती विरक्त' म्हणून. म्हणून मी स्वतःला एकच विचारते. आरसा नसलेल्या खोलीत, कोणी बघणारं नसताना मी ही कळी अशीच कापली असती का? या ड्रेसच्या बाबतीत उत्तर हो आहे. चढ चढताना पायात न अडकणारा, खांद्यावरून न घसरणारा कपडा मला एकटीलाही हवा.

त्याच भागवतात स्त्रीचं रूप म्हणजे पतंगाला जाळणारी आग, असंही आहे. वाचन चालू असताना त्या जागी आम्ही सगळ्या बायका खाली मान घालतो. मला ते पटत नाही आणि मी ते आता मोठ्याने म्हणते. जळण्याचा दोष पतंगाच्या धावण्यात शोधावा.

आत्याला मी पिंगलेची गोष्ट सांगितली. ती तिला पाठ आहे. तरुणपणी नवरा गेला तेव्हापासून तिने काठाचं, रंगाचं काही नेसलेलं नाही, आणि सगळे तिला विरक्त म्हणतात. पिंगलेने आपलं आपण ठरवलं. आत्याचं भावकीने ठरवलं, तेराव्याच्या आत. या दोन्ही गोष्टींना वैराग्य हे एकच नाव द्यायला मी तयार नाही. पोथी संपली की पिंगलेच्या या भागावर बोलायचं, असं मी देवळातल्या बायकांना सांगून ठेवलं आहे, आणि आत्यालाही पुढे बसायला सांगितलं आहे.