मरारीच्या वंशाचे ओझे

शास्त्रभाग : गणना ४:२९-३३

हा भाग मंडळीत वाचावयास घेतला म्हणजे ऐकणारे जांभया देतात, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही तो पुष्कळदा गाळून पुढे गेलो आहो. फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा, तणावे. ह्यांत आत्म्यास पोषण ते काय, असे वाटे. गेल्या उन्हाळ्यातील एका गोष्टीने आमचे मत पालटले.

आमच्या मंडळीतील एका विधवा भगिनीच्या घराची कौले काढून पत्रे घालावयाचे ठरले. मंडळीतील तरुण व आम्ही मदतीस गेलो. घरात तिचे पायाने चालविण्याचे शिवणयंत्र होते. त्यावर ती गोधड्या व परकर-पोलकी शिवते, आणि दोन लेकरांचे पोट त्यावरच चालते. धूळमाती आत जाईल म्हणून यंत्र सुटे करून शेजारी न्यावे, असे आम्हीच सुचविले. ती म्हणाली, "पाळकसाहेब, एकेका भागाला चिंधी बांधू का? कोणता कुठला ते कळेल." आम्ही हसलो व म्हणालो, "बाई, एवढ्याशा कामाला चिंध्या कशाला?" चामड्याचा पट्टा उतरविला, सुई, शटल, दाते, ताणाच्या चकत्या, सारे काढले, आणि लहानमोठे सर्व स्क्रू एकाच डब्यात टाकले. अर्धा तास पुरला.

जोडावयास मात्र संध्याकाळ झाली, आणि डब्यात दोन स्क्रू उरले. चाक फिरे, सुई वरखाली होई, पण टाका पडेना. ह्या यंत्राचा टाका एका धाग्याचा नसतो. सुई वरचा धागा कापडातून खाली नेते. ती परत वर येऊ लागली की धाग्याचा लहानसा फास सुटतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचे टोक त्यात शिरून तो बॉबिनभोवती फिरविते, आणि दोन्ही धागे एकमेकांत गुंततात. शटल केसभर लवकर वा उशिरा आले, अथवा सुई उलटी बसली, तर फास हाती लागत नाही. बाहेरून सर्व हालताना दिसते, कापडावर मात्र नुसती छिद्रे. (आमच्या काही सभांचे कामकाज असेच चालते, पण तो विषय निराळा.) अमेरिकेत गोधड्यांसाठी लाँगआर्म नावाचे यंत्र असते, त्यात कापड दहाबारा फूट लांब चौकटीवर स्थिर राहते आणि यंत्रच रुळांवरून त्यावर फिरते. घरदुरुस्तीसाठी ते उकलून पुन्हा मांडले की चौकट पाणसळीने सारखी करावी लागते, नाहीतर हात सोडताच ते उताराकडे घरंगळते. त्यामानाने आमच्यापुढचे यंत्र खेळणेच. तरी ते आम्हांस पुरून उरले.

आठ दिवस ते तसेच पडले. लग्नसराईचे दिवस, गिऱ्हाइकांनी कापड परत नेले. तिने आम्हांस एक शब्दही लावला नाही, आणि ते मौन आम्हांस फार जड गेले. रविवारी ती नेहमीप्रमाणे तिसऱ्या रांगेत बसली होती. आमच्या उपदेशाचा विषय विश्वासूपणा हा होता.

त्या रात्री हा अध्याय पुन्हा उघडला. परमेश्वराने निवासमंडप उभारण्याचीच नव्हे, उकलण्याचीही रीत लावून दिली. कहाथाच्या वंशजांनी पवित्र वस्तू वाहाव्या, गेर्षोनाच्या वंशजांनी पडदे, आणि मरारीच्या वंशजांनी फळ्या व मेखा. मरारीचे कामकरी पुरुष ३२००, तिन्ही कुळांत सर्वांहून अधिक. सातव्या अध्यायात ६ गाड्यांपैकी ४ त्यांसच मिळाल्या. फळ्या ४८, त्यांखाली रुप्याच्या उथळ्या ९६. अशा पसाऱ्यात एक मेख हरवली तर कोणास कळणार? म्हणून बत्तिसाव्या वचनात ह्या वस्तू नावनिशीवार नेमून देण्याची आज्ञा आहे. कराराचा कोश कोणी विसरून मागे ठेवणार नाही. मेख मागे राहते. आणि दहाव्या अध्यायात पाहा, पवित्र वस्तू घेऊन कहाथी पोहोचत त्यापूर्वी मंडप उभा असावयाचा. मरारी चुकला असता तर कोश उघड्यावर राहिला असता.

सुवार्तिक बंधूंनो, गावात तंटा होऊन मंडळी फुटते तेव्हा आपण पंचांना व वडीलधाऱ्यांना समेटास बोलावितो. पाणी भरणारी, दिवा लावणारी, झाडणारी माणसे कोणत्या डब्यात पडली, हे आपण कितीदा पाहिले?

दुसऱ्या सकाळी आम्ही तिच्या घरी जाऊन, आमची चूक झाली, असे म्हटले. ती म्हणाली, "बसा." तिने धुतलेले लुगडे पसरून सर्व स्क्रू त्यावर ओतले. "हा ठेंगू, हा लांबट, ही नथ." एकेकाचे नाव तिच्या तोंडी होते. उरलेले दोन शटलच्या कड्याचे निघाले. सुईची चपटी बाजू आम्ही उलट्या अंगाला केली होती, ती तिने फिरविली. मग तेलाचे थेंब सोडून चाकावर हात ठेवला. पहिला टाका पडला तेव्हा आम्ही खाली मान घालून बसलो होतो, आवाजावरून कळले.

ह्या दिवाळीनंतर आमच्या मंदिराचे छप्पर उतरवावयाचे आहे. बाके, घंटा, तावदाने, बिजागऱ्या ह्यांची नोंद ठेवण्याचे काम पंचांनी तिच्याकडे दिले आहे. चिंध्या तिने आधीच फाडून ठेवल्या आहेत.