हयातीचा दाखला

निवृत्तीनंतरचे तुमचे सर्वांत मोठे सुख कोणते, असे मला कुणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या मालगाडीचा आवाज ऐकणे!

छत्तीस वर्षे मी रेल्वेत गार्ड होतो. भुसावळ ते बडनेरा हा माझा नेहमीचा मार्ग. ज्या लोहमार्गावरून मी आयुष्य घालवले तो १८६७ साली नागपूरला पोचला, आणि तेव्हापासून त्याला रात्रीची झोप अशी ठाऊकच नसेल. माझे बोदवड त्याच मार्गावर. पण माझी मालगाडी तिथे क्वचितच थांबे. ब्रेकव्हॅनमधून गावाकडचे दिवे दिसत, आणि 'आपले गाव' असे मनाशी म्हणेपर्यंत मागे पडत. आता सारे उलटे झाले आहे. मी गावात आणि गाडी दूर. थंडीत वारा त्या बाजूचा असला की डब्यांचा गडगडाट स्पष्ट ऐकू येतो. 'चालला कुणीतरी ड्यूटीवर' असे म्हणून मी गोधडी गळ्यापर्यंत ओढतो नि कूस बदलतो. दुसऱ्याच्या जागरणाने आपली झोप अधिक गोड होते, हे कबूल करायला थोडी लाज वाटते. पण ते खरे आहे.

बाकीची सुखे तशी लहानसहानच. उजाडल्यावर उठायचे. ओट्यावर बसून वर्तमानपत्र पहिल्या मथळ्यापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. वाचता वाचता दुसरा चहा आपोआप येतो. शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला जायचे. तिथे आपल्यासारखेच चार पेन्शनर भेटतात आणि मारुतीच्या साक्षीने महागाई भत्त्याची चर्चा होते. कपाशीचे दिवस आले की बाजाराकडे जाणाऱ्या भरल्या गाड्या मोजायच्या. काही उपयोग नसताना मोजायच्या, यातच खरी मौज! मग थंडी पडते, भरिताची हिरवी वांगी येतात, एखाद्या मित्राच्या शेतात कपाशीच्या काड्यांवर ती भाजली जातात, बडगीत ठेचली जातात, आणि केळीच्या पानावर कळण्याच्या भाकरीशेजारी येऊन बसतात. दिवाळीला मुले-नातवंडे येतात, घर भरते, आणि आजोबा म्हणून आपले काम एवढेच की मध्यभागी बसून राहायचे.

हे सुख मी कमावलेले आहे, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. गेल्या नोव्हेंबरात त्या समजुतीला जरा धक्का बसला.

पेन्शनरांचे एक वार्षिक व्रत असते. दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे सरकारला कळवावे लागते. पूर्वी त्यासाठी स्वतः जाऊन साहेबासमोर उभे राहावे लागे. २०१४ पासून हे काम अंगठ्यावर भागते. मी बाजारातल्या एका दुकानात गेलो. पत्नीही बरोबर होती, कारण गॅसची जोडणी तिच्या नावावर आहे आणि तिलाही अंगठा देऊन आपली ओळख पटवायची होती. मी यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवला. क्षणभरात तिथला मुलगा हसून म्हणाला, "झालं काका. तुम्ही हयात आहात."

मग तिने अंगठा ठेवला. यंत्र काही बोलेना. तिने पदराने अंगठा पुसला, पुन्हा ठेवला. नाही. मग डावा अंगठा, मग तर्जनी, मग एकेक करीत दहाही बोटे झाली. मुलगा भला होता. म्हणाला, "काकू, रेषाच राहिल्या नाहीत हो. बऱ्याच बायकांचं असं होतं. काळजी करू नका, चेहरा दाखवून करू." आणि पाच मिनिटांत त्याने तेही केले. तक्रार करावी असे काहीच घडले नाही. ती हसत म्हणाली, "घासून घासून गेल्या असतील." आम्ही भाजी घेऊन घरी आलो.

पण त्या रात्री दोनची गाडी गेली तरी मला झोप आली नाही. मी उठून दिव्याखाली माझा अंगठा पाहिला. या हाताने छत्तीस वर्षे झेंडी दाखवली, दिवा हलवला, नोंदी लिहिल्या. एक रेघ पुसली गेली नव्हती. चक्रावर चक्र, जसे जन्मताना मिळाले तसे. आणि शेजारी झोपलेल्या बाईच्या दहा बोटांवर तिची स्वतःची अशी एक खूण उरली नव्हती. ती खूण आमच्या भांड्यांना, फरशीला, तव्याला, पोरांच्या कपड्यांना लागून गेली होती.

तेव्हा मला माझा 'आपोआप' हा शब्द आठवला. दुसरा चहा आपोआप येतो!

मी नोकरीला लागलो त्याच वर्षी, १७ डिसेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्याचा निकाल दिला. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, ती केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे, असे त्यात सांगितले. पेन्शनर मंडळी तो दिवस आजही पाळतात. त्या दिवशी मी एकदा भाषणही केले आहे, आणि 'केलेल्या सेवेचा हक्क' या शब्दांवर टाळ्याही घेतल्या आहेत. त्या रात्री प्रथमच माझ्या मनात आले : केलेल्या सेवेचा, हे ठीक; पण कुणी केलेल्या?

भुसावळच्या क्वार्टरमध्ये असताना रात्री-अपरात्री कॉलमन दार ठोठावी. वहीवर सही माझी होई. पण दार नेहमी ती उघडी. मी तोंड धुऊन कपडे करीपर्यंत स्टोव्हचा आवाज सुरू झालेला असे. डब्यात भाकरी, ठेचा, कोरडी भाजी. गाडी वेळेवर सुटली असा शेरा मी लिहीत असे. ती वेळेवर सुटावी म्हणून एक बाई दीड वाजता उठली होती, याची नोंद करायला त्या वहीत रकाना नव्हता.

सरकारने मात्र तिची अगदीच नोंद घेतली नाही असे नाही. १ जानेवारी १९६४ पासून कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना आहे. मी गेल्यावर तिला माझ्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के या नेहमीच्या दराने रक्कम मिळेल. योजना चांगली आहे, तिने कितीतरी घरांची चूल विझू दिली नाही. पण तिचा अर्थ नीट पाहा. माझ्या हयातीत त्या सेवेत तिचा वाटा शून्य. माझ्या मरणाने तो ३० टक्के होणार!

आपल्या शास्त्रांनाही हा प्रश्न नवा नव्हता. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनात जावे, असे मनुस्मृती सांगते. निवृत्तीचा इतका जुना नियम दुसरा कुठला असेल? मात्र पुढच्याच श्लोकात बायकोचे काय करायचे तेही सांगितले आहे : तिला मुलांच्या हवाली करावे, नाहीतर बरोबर न्यावे. मी गार्ड असल्यामुळे मला ही भाषा ओळखीची वाटते. सामान एक तर स्टेशनात उतरवून द्यायचे, नाहीतर ब्रेकव्हॅनमधून पुढे न्यायचे. तिच्याही अंगावर सुरकुत्या पडल्या, तिनेही नातवाचे तोंड पाहिले. तिने कधी नि कुठे थांबावे हे मात्र लिहायचे राहून गेले.

कुणी म्हणेल, 'तुम्ही उगाच मनाला लावून घेता. घरातल्या कामात बाईचा जीव रमतो.' यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना घरोट्यावर नि शेतात गाणी सुचली. त्या १९५१ साली वारल्या, आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. आनंदासाठी त्या निवृत्त होण्याची वाट पाहत बसल्या नाहीत. तेव्हा आनंद कामानंतर असतो हे खोटे. तो कामातही असतो. पण म्हणून घरोट्याचा दगड हलका झाला का? गाणे बाईचे असते, तिने कष्टांतून ते वेचून काढलेले असते. ऐकणाऱ्याने त्याचा आधार घेऊन 'बघा, तिला काही त्रास नाही' असे म्हणणे बरे नव्हे.

माझी माय सणाला खापरावर मांडे करी. पुरण भरलेली पोळी हातावर खेळवत खेळवत मोठी करायची, ती कोपराशी आली की अलगद उलट्या खापरावर टाकायची. चुलीच्या उजेडात तिचा चेहरा तांबूस दिसे. आम्ही पोरे ओळीने बसलेलो, वाटीत दूध-तूप, आणि मांडा पानात पडायचा तो वाफेसकट. माझ्या आयुष्यातली सर्वांत गोड आठवण कोणती म्हणाल तर ही. साठ वर्षे मी ती जपून ठेवली आहे. पण परवा ती आठवण नेहमीसारखी काढून पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. त्या चित्रात माय कुठेच जेवत नाही. मायने गरम मांडा खाल्लेला मी कधी पाहिला नाही.

मग काय करावे? मांड्यांची आठवण टाकून द्यावी? दुसरा चहा सोडावा? गोधडी फेकून रात्रभर अपराध्यासारखे बसावे? मला तसे वाटत नाही. सुखाला नकार देऊन कुणाचे कष्ट कमी होत नाहीत. फक्त घरात एक माणूस आणखी त्रासिक होतो. मला याचे उत्तर धर्मग्रंथांत नाही, पण रेल्वेत सापडले.

रेल्वेत पहिला धडा असा की, बदली माणूस आल्याखेरीज जागा सोडायची नाही. मी साठाव्या वर्षी निर्धास्तपणे घरी आलो, कारण माझी झेंडी हाती घ्यायला दुसरा उभा होता. जानेवारी २०२२ पासून त्याला गार्ड न म्हणता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. रात्री दोनच्या गाडीवर जो जागतो त्याला त्याबद्दल पगार आहे, पुढे विश्रांती आहे, एक दिवस हारतुरेही आहेत. म्हणून त्याचा आवाज ऐकत झोपण्यात मला पाप दिसत नाही. पाप दिसते ते जिथे बदली माणूसच नेमलेला नाही तिथे. माझ्या स्वयंपाकघरात पंचेचाळीस वर्षे एक माणूस ड्यूटीवर आहे, आणि त्याला सोडवायला कुणी येणार आहे असे कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेले नाही. निवृत्तीचे सुख निर्दोष आहे की नाही हे ओळखायची खूण मला एवढीच वाटते : आपण चार्ज कुणाकडे सोपवून आलो, आणि कुणाचा चार्ज घ्यायला आपण मोकळे असूनही गेलो नाही.

गार्डाच्या पेटीत दहा फटाके असतात. दिवाळीचे नव्हेत. गाडी मधेच अडली तर गार्डाने मागे चालत जायचे, ६०० मीटरवर एक नि १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर ठेवायचे, म्हणजे मागून येणारी गाडी सावध होते. मागे पाहणे हेच आमचे काम. कितीतरी दिवाळ्या मी ती पेटी घेऊन ब्रेकव्हॅनमध्ये काढल्या, आणि घरी पोरांचे फटाके तिनेच आणले, तिनेच उडवून दाखवले. मागे पाहण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने घराकडे वळून पाहायला मात्र सदुसष्ट वर्षे लावली.

एके दिवशी मी तिला सरळ विचारले, "तुला निवृत्त व्हावंसं वाटत नाही?"

"मी निवृत्त झाले तर खाल काय?" ती हसली. मग तांदूळ निवडता निवडता, जरा वेळाने म्हणाली, "एकदा उजाडल्यावर उठायचंय."

दुसऱ्या दिवशीपासून सकाळची पाळी मी घेतली. पहिल्या दिवशी चारला उठून मी चोरपावलांनी स्वयंपाकघरात गेलो. एक भांडे हातून निसटले. ती अंथरुणात ताडकन उठून बसली आणि अर्धवट झोपेत म्हणाली, "किती वाजताची गाडी आहे?"

"गाडी नाही. झोप तू."

तिचा विश्वास बसला नाही. ती उठून आलीच. असे आठ-दहा दिवस चालले. माझी पहिली भाकरी तव्यावर भारताच्या नकाशासारखी पसरली. चहात साखर दोनदा पडली. पण आता ती बहुतेक दिवस सहापर्यंत झोपते. पहिला चहा मी नेतो. 'मदत करतात हो' असे ती शेजारणीला सांगते. तो शब्द मला खटकतो, कारण आपल्या घरात माणूस मदत करीत नसतो, ड्यूटी करीत असतो. पण तिला अजून मी तसे सांगितलेले नाही. आधी वर्षभर काम करून दाखवावे, मग बोलावे. तिच्या बोटांवरच्या रेषा परत येतील की नाही, मला ठाऊक नाही.

दिवाळी आली आहे. मुले येणार आहेत. नरकचतुर्दशीला पहाटे बंब मी पेटवणार आणि सर्वांत शेवटी तिला उठवणार, असे मी जाहीर केले आहे.

"ते सगळं ठीक आहे," ती म्हणाली, "पण उटणं कुठं ठेवलंय ते तरी ठाऊक आहे का?"

नाही. ते शोधायला मी आजपासूनच लागलो आहे.