जवळ किती, दूर किती?

दिवाळीच्या दिवसांत माणसाला काहीतरी नवे घ्यावेसे वाटते, आणि ज्याला घ्यावेसे वाटते त्याला निवडावेही लागते. एके काळी ही निवड साडी, भांडे किंवा फार तर रेडिओ यांच्यापुरती असे. आता बहुतेक घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी अशी निघते, की जिला पाडव्याला कॅमेरा हवा असतो. आणि तोही ज्याची भिंगे बदलता येतात असा, ‘मिररलेस’. मग आठवडाभर घरात दुसरा विषय नसतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम लेन्स पुरेल, की वेगळी पन्नासची घ्यावी? सत्तर-दोनशे आत्ताच घ्यावी, की बोनस हातात पडल्यावर? हे सारे ऐकून आई विचारते, “एवढी नळकांडी लागतात तरी कशाला?” तिच्या प्रश्नाला कोणी नीट उत्तर देत नाही. आईला यातले काय कळते, असा भाव सर्वांच्या चेहऱ्यावर असतो.

मला वाटते, खरा प्रश्न आईनेच विचारलेला असतो. भिंगाची निवड ही पैशाची आणि तंत्राची बाब आहे, असे आपण समजतो. ती तशी आहेच. परंतु तिच्या तळाशी आणखी एक प्रश्न आहे आणि तो आचरणाचा आहे.

आधी यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. नावाप्रमाणेच या कॅमेऱ्यात आरसा नसतो. १९५९ साली निकॉन एफ हा कॅमेरा बाजारात आला. त्याच्या जातीच्या कॅमेऱ्यांनी पुढे कित्येक वर्षे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांपासून लग्नमंडपांपर्यंत राज्य केले. त्यांच्या पोटात, भिंगाच्या मागे, एक तिरपा आरसा बसवलेला असे. भिंगातून आलेला प्रकाश त्या आरशावरून वर लोलकात जाई आणि तेथून छायाचित्रकाराच्या डोळ्यात. कळ दाबली की आरसा खट्‌दिशी वर उचलला जाई, फिल्मवर प्रकाश पडे, आणि तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार होई. गंमत अशी, की जो क्षण टिपला गेला तो नेमका टिपणाऱ्याने पाहिलेला नसे! आरशाला हलायला जागा हवी, म्हणून भिंगाची बैठक आणि फिल्म यांच्यामध्ये ४६.५ मिलिमीटरचे अंतर ठेवावे लागे. २००८ साली पॅनासोनिकच्या लुमिक्स जी१ ने आरसा काढून टाकला. आणि २०१८ साली निकॉनने आपली झेड मालिका आणली, तेव्हा हे अंतर १६ मिलिमीटरवर येऊन ठेपले.

या तीस मिलिमीटरांच्या बचतीतून दोन गोष्टी घडल्या. मधल्या जागेत एक कडे बसवले की जुन्या कॅमेऱ्यांची भिंगे नव्या कॅमेऱ्याला लावता येऊ लागली. आजोबांच्या पेटीत पडून असलेले भिंग नातवाच्या कॅमेऱ्यावर चढू शकते. फक्त ते हाताने फिरवून नेमके जुळवावे लागते. दुसरी गोष्ट अशी, की आरसा गेला तसा त्याचा ‘खट्’ आवाजही गेला. नव्या कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर छायाचित्र पूर्ण निःशब्दपणे निघते. या दुसऱ्या गोष्टीकडे मी पुढे येणारच आहे.

आता निवडीकडे वळू. दुकानात गेलेल्या माणसाच्या मनात एक भीती असते: काहीतरी आपल्या हातून सुटेल! म्हणून त्याला सोळापासून सहाशे मिलिमीटरपर्यंत सगळे हवेसे वाटते. प्रत्येक सोयीची किंमत मात्र दुसऱ्या गैरसोयीने मोजावी लागते. पुष्कळ प्रकाश घेणारी सत्तर-दोनशेची झूम घेतली तर एक ते दीड किलोचे ओझे गळ्यात येते. हलकी घेतली तर ती प्रकाश कमी घेते. एफ १.८ पर्यंत उघडणारे साधे पन्नासचे भिंग एफ ४ च्या झूमपेक्षा जवळजवळ पाचपट प्रकाश आत सोडते. पणतीच्या उजेडात आजीचा चेहरा टिपायचा असेल, तर हा फरक फार मोठा आहे. पण ते भिंग लांबचे जवळ आणत नाही. त्यासाठी आपणच चालत जावे लागते.

‘चालत जावे लागते’ हे शब्द मी मुद्दामच वापरले. लांब भिंगाने वस्तू एकमेकींजवळ येतात आणि आखूड भिंगाने त्या दूर जातात, असा एक समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः हे भिंग करीत नाही. आपण कोठे उभे राहतो, त्यावर ते ठरते. आजी तुळशीवृंदावनापाशी उभी आहे. तुम्ही दोन हातांवर गेलात तर आजी मोठी दिसेल आणि मागचे घर लहान होऊन मागे सरेल. तीस पावले मागे गेलात तर आजी आणि घर एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतील. कोणतेही भिंग लावा, त्या जागेवरून दिसणारे हे नाते बदलत नाही. भिंग फक्त त्या दृश्यातला लहान किंवा मोठा तुकडा कापून देते. थोडक्यात, तुम्ही भिंग निवडता तेव्हा आपण कोठे उभे राहणार हेच बहुधा निवडीत असता.

हे अंतर आकड्यांतही सांगता येते. चोवीस गुणिले छत्तीस मिलिमीटरच्या पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यात, तो उभा धरून, एक माणूस डोक्यापासून पायांपर्यंत चौकटभर बसवायचा आहे असे समजा. पस्तीस मिलिमीटरच्या भिंगाने तुम्हांला त्याच्यापासून सुमारे सहा फुटांवर उभे राहावे लागेल. पन्नासच्या भिंगाने साडेआठ फुटांवर, दोनशेच्या भिंगाने तेहतीस फुटांवर आणि चारशेच्या भिंगाने सदुसष्ट फुटांवर. सहा-आठ फूट म्हणजे बोलण्याचे अंतर. एवढ्यावरून माणूस तुम्हांला विचारू शकतो, “फोटो कशाला हवा हो माझा?” तो हसू शकतो, तोंड फिरवू शकतो, हात आडवा धरू शकतो. सदुसष्ट फुटांवरून यांतले काहीच घडत नाही. तुम्हांला त्याच्या पापण्या मोजता येतात आणि त्याला तुम्ही आहात हेही ठाऊक नसते. असे एकतर्फी सामीप्य माणसामाणसांतल्या दुसऱ्या कोणत्या व्यवहारात आपण रास्त मानू?

आषाढीला पंढरपुरी जमणाऱ्या लाखो माणसांत छायाचित्रकारही पुष्कळ असतात. चंद्रभागेच्या वाळवंटात स्नान करून एखादी म्हातारी ओले लुगडे सावरीत असते. आपल्याभोवती सारे वारकरीच आहेत, माउलीचीच माणसे आहेत, या भरवशावर ती उघड्यावर निर्धास्त असते. पलीकडे घाटाच्या पायरीवरून लांब भिंग तिच्यावर रोखलेले असते. चित्र कदाचित फार सुंदर येईल. श्रद्धा, वार्धक्य, पाणी, सकाळचे ऊन, सगळे त्यात असेल. नसेल ती फक्त तिची संमती. आणि ती ‘नको’ म्हणाली असती की ‘काढ बाबा’ म्हणाली असती, हे आता कधीच कळणार नाही. कारण तिला विचारायला लागू नये एवढ्या अंतराची सोय आपण आधीच विकत घेतली होती.

मग जवळ जाणे तेवढे नीतीचे आणि दूर राहणे अनीतीचे, असा सोपा निष्कर्ष काढावा काय? तसे करता येत नाही. घरट्यावर बसलेल्या पक्षिणीजवळ आखूड भिंग घेऊन जाणारा माणूस तिला उठवून लावतो. ती दूर राहिली तर अंडी थंड पडतात, पिल्ले उपाशी राहतात. तेथे पाचशे-सहाशेचे भिंग आणि दूरची झुडपाआडची जागा हाच सभ्यपणा आहे. तेथे लांबी हे दयेचे साधन होते.

उलट, जवळ जाऊनही माणूस दूरच राहू शकतो. १९३६ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका आईची छायाचित्रे घेतली. एकामागून एक छायाचित्र घेताना त्या पुढे पुढे सरकत गेल्या. शेवटच्या चित्रात खांद्यांशी बिलगलेली मुले आहेत आणि गालाला हात लावून दूर पाहणारी आई. मंदीच्या काळाचा तोच चेहरा ठरला. पण लँग यांनी त्या बाईचे नाव विचारले नव्हते. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगाला कळले ते १९७८ साली, आणि तेव्हा तिने आपली नाराजी बोलून दाखवली. चित्र जगभर गेले, तिच्या पदरी त्यातले काही पडले नाही. लँग यांच्या मनात करुणा नव्हती असे कोण म्हणेल? त्या सरकारी कामावर होत्या आणि त्यांनाही त्या चित्राचे मानधन मिळत नव्हते. तरीही जवळ गेलेल्या पावलांनी एक साधा प्रश्न विचारला नाही, एवढे खरे.

तिसरे उदाहरण वॉकर एव्हन्स यांचे. १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ते कोटाखाली कॅमेरा दडवून बसत. कोटाच्या दोन गुंड्यांच्या मधून भिंग डोकावत असे आणि कळेची तार बाहीतून हातात आलेली असे. समोरच्या बाकावरची, स्वतःत हरवलेली माणसे त्यांनी टिपली. अंतर हातभराचे, चोरी मात्र पुरती! त्या चित्रांचे पुस्तक निघाले ते १९६६ साली. एव्हन्स यांनी जे मिळवले ते विचारून मिळाले नसते, कारण कॅमेरा दिसताच चेहरा बदलतो. हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. पण खरा असला म्हणून तो पुरेसा ठरतो असेही वाटत नाही. एखादी गोष्ट विचारून मिळत नाही, हे ती न विचारता घेण्याचे कारण कसे होऊ शकेल?

तेव्हा फूट मोजून नीती ठरत नाही. मला एकच कसोटी उपयोगी वाटते: हे अंतर कोणाच्या सोयीसाठी आहे? पक्षिणीपासून आपण दूर राहतो ते तिच्यासाठी. वाळवंटातल्या म्हातारीपासून दूर राहतो ते आपल्यासाठी; तिच्या नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून. सत्तेच्या दंडेलीचा पुरावा दुरून टिपणारा माणूस दुबळ्याच्या वतीने दूर उभा असतो. म्हणजे यंत्र तेच, मिलिमीटर तेच; फरक पडतो तो अंतर कोणाचे रक्षण करते यात.

या संदर्भात होमाई व्यारावाला यांची आठवण होते. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंनी स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली. त्यांच्या हातात बरीच वर्षे रोलीफ्लेक्स असे. त्या कॅमेऱ्याची भिंगे बदलता येत नाहीत. तो छातीशी धरून, मान खाली घालून काचेत पाहावे लागते. मोठे दिसायचे असेल तर पुढे जायचे, बस्स. पंतप्रधानांपासून पाहुण्या राण्यांपर्यंत सर्वांजवळ त्या अशा गेल्या. प्रतिष्ठा सांभाळण्याचे काही अलिखित नियम त्यांच्या पिढीतल्या छायाचित्रकारांनी पाळले होते. नव्या मंडळींचे वागणे पाहून मन विटले, तेव्हा १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. २०११ साली पद्मविभूषण मिळाले तेव्हाही, भिंगांची पेटी किती मोठी होती, हे कोणी विचारले नाही.

आता त्या हरवलेल्या आवाजाविषयी. आरशाचा खटका हा यंत्राचा दोष होता. देवळात, मैफलीत तो खटकत असे. परंतु त्याने नकळत एक काम केले होते. ‘तुझे काहीतरी मी घेतले’ अशी वर्दी तो समोरच्याला देत असे. जपानमध्ये आणि दक्षिण कोरियात मोबाईल फोनच्या कॅमेऱ्याला आवाज ठेवण्याची रीत पडली, तीही चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणूनच. आज कॅमेरा गर्दीतून नेमका डोळा शोधून त्यावर भिंग जुळवतो आणि काही न बोलता चित्र घेतो. पूर्वी यंत्राच्या अपुरेपणाने जो शिष्टाचार आपोआप पाळला जाई, तो आता माणसाला समजून-उमजून पाळावा लागणार आहे. सुधारणांचे बहुधा असेच होते. त्या आपले कष्ट कमी करतात आणि जबाबदारी वाढवतात. पहिली गोष्ट आपण आनंदाने घेतो आणि दुसरीची पावती वाचत नाही.

मग पाडव्याला घ्यावे तरी काय? माझे मत विचाराल तर सुरुवातीला एकच भिंग घ्यावे, पस्तीसचे किंवा पन्नासचे. वर्षभर त्याच्याबरोबर राहावे. जे त्यात बसत नाही ते सोडून द्यायला शिकावे. कारण निवडणे म्हणजे उरलेले सोडणे, आणि हे सोडणे ज्याला जमत नाही त्याला दहा भिंगे घेऊनही काही दिसत नाही. पक्ष्यांचे वेड असेल तर लांब भिंग अवश्य घ्यावे, पण ते माणसांवर रोखताना क्षणभर थांबावे.

दिवाळीच्या आधीच्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला पणत्या मांडून एखादी बाई बसलेली असते. पलीकडच्या पदपथावरून तिचे चित्र सहज निघेल. रस्ता ओलांडून जावे, डझनभर पणत्या घ्याव्यात, भाव करू नये, आणि मग विचारावे. ती हसून पदर नीट करील, किंवा नको म्हणेल. नको म्हणाली तर चित्र मिळणार नाही. पण तिला नको म्हणता यावे इतके जवळ आपण गेलो होतो, आणि घरी नेलेल्या पणत्या त्या रात्री तशाच उजळतील.