एकट्याला दिसलेले इंद्रधनुष्य

एकाच पडद्यासमोर चार माणसे बसली आहेत. तिघांना काळ्या पार्श्वभूमीवरील शुभ्र अक्षरे शुभ्रच दिसतात. चौथ्याला मात्र, नजर इकडून तिकडे वळताच, त्या अक्षरांच्या कडेने तांबडा, हिरवा आणि निळा रंग क्षणभर चमकून गेलेला दिसतो. तो तसे सांगतो. तिघे पडदा पुन्हा न्याहाळतात आणि त्यांना काहीच आढळत नाही. अशा वेळी खरे कोणाचे मानावे? प्रश्न वरवर पाहता करमणुकीच्या यंत्राचा आहे; परंतु त्याच्या मुळाशी सत्य आणि साक्ष यांविषयीचा एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे.

हे यंत्र म्हणजे पडद्याच्या पाठीमागून चित्र फेकणारा ‘रिअर प्रोजेक्शन’ दूरचित्रवाणी संच. भिंतीवर टांगण्याचे मोठे चपटे पडदे स्वस्त होण्यापूर्वी, विशेषतः अमेरिकेतील दिवाणखान्यांत, मोठ्या चित्राची हौस याच अवजड पेट्यांनी भागवली. त्यांच्या चित्रात नाना प्रकारचे दोष दिसत. जुन्या संचांत तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या तीन स्वतंत्र नळ्या असत. त्यांची चित्रे तंतोतंत एकमेकांवर पडली नाहीत, तर आकृत्यांना रंगीत किनार येई. हा दोष यंत्राचा. तो सर्वांनाच दिसे आणि जुळणी नीट केली की जाई. दुसरा दोष जागेचा. या संचांचा पडदा प्रकाश मुख्यत्वे समोर बसलेल्यांकडे वळवी. म्हणून बाजूला बसलेल्यास अथवा उभ्या असलेल्यास चित्र अंधुक दिसे. त्याने समोर येऊन बसावे, म्हणजे वाद मिटला.

चौथ्या माणसाचे इंद्रधनुष्य मात्र असे सहज मिटणारे नव्हते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली सूक्ष्म हलत्या आरशांची चिप तयार केली. तिच्या आधारे पुढे ‘डी.एल.पी.’ संच निघाले. घरगुती संचात अशी एकच चिप असे. दिव्याचा पांढरा प्रकाश रंगीत काचांच्या एका फिरत्या चक्रातून जाई. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चक्रेही त्यांत होती. पडद्यावर एका क्षणी केवळ तांबडे चित्र उमटे, मग हिरवे, मग निळे. आणि ही रांग इतक्या वेगाने सरके, की पाहणाऱ्याची दृष्टी तिन्ही रंगांची बेरीज करून पूर्ण चित्र पाही. परंतु नजर झरकन वळली, की तिन्ही रंग डोळ्यातील पटलावर वेगवेगळ्या जागी पडत आणि शुभ्र रंग फुटे. काहींना हे वारंवार जाणवे, तर पुष्कळांना कधीच नाही.

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी. अंधारात दोरीवर सापाचा भास होतो, तेव्हा पाहणारा चुकलेला असतो. दिवा आणला की साप नाहीसा होतो. येथे स्थिती नेमकी उलट आहे. ज्याला रंग सुटे दिसले, त्याला पडद्यावर खरोखर घडत असलेलेच दिसले. शुभ्र अक्षरे पाहणाऱ्या तिघांचा शुभ्र रंग त्यांच्याच दृष्टीने जुळवलेला होता. म्हणजे ज्याला भ्रमिष्ट ठरवावे, तोच वस्तुस्थितीच्या अधिक जवळ होता! बहुमताने कारभार चालतो; परंतु डोळ्यांना काय दिसले, हे बहुमताने ठरत नाही.

तरीही त्या एकट्याची बाजू घेऊन येथेच थांबणे योग्य ठरणार नाही. साक्ष खरी असली, म्हणजे साक्षीदाराने सांगितलेले कारणही खरे असते, असे नाही. शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली मँचेस्टर येथे, आपल्याला रंग इतरांसारखे दिसत नाहीत, असे प्रांजळपणे मांडले आणि आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा, असा तर्क केला. १८४४ साली त्यांच्या निधनानंतर त्यांच्या इच्छेनुसार डोळे तपासले, तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. पुढे १९९५ साली, जतन केलेल्या नेत्राच्या तपासणीतून, हिरवा रंग टिपणारे द्रव्य त्यांच्या दृष्टीत नव्हते, असे दिसून आले. कारण चुकले होते, साक्ष मात्र अक्षरशः खरी होती. तेव्हा कोणाची कारणमीमांसा डळमळीत आहे, एवढ्यावरून त्याचा अनुभव खोटा ठरवणे हा अन्याय होय.

तसेच ज्याला दोष दिसतो, त्यालाही एक मर्यादा पाळावी लागते. रंग सुटे आहेत हे खरे. पण ते एकत्र पाहिले जावेत म्हणूनच यंत्र घडवलेले होते. तिघांचे चित्र म्हणजे फसवणूक नव्हे. माझ्या डोळ्यांना जे खुपते तेच तेवढे सत्य, असा आग्रह धरणाराही एकांगीच.

परंतु दोन्ही बाजूंचे कर्तव्य सारख्या वजनाचे नाही. एकट्याला आपले म्हणणे सिद्ध करणे कठीण असते. अनेकांना ते पडताळून पाहणे सोपे असते. या संचाच्या बाबतीत तर ते फारच सोपे होते. डोळ्यांपुढे बोटे पसरून हात भराभर हलवला, की बोटांच्या कडांशी पुष्कळांना तेच रंग दिसत. तिघांनी एवढाच हात हलवायचा होता. उत्पादकांनी पुढे चक्रांचा वेग वाढवला, त्यांतील रंगांचे भाग वाढवले आणि काही संचांत तर चक्रच काढून रंगीत एल.ई.डी. दिवे बसवले. ही तक्रार निव्वळ मनाचा खेळ असती, तर हा खटाटोप कोणी केला असता?

घरातील थोरल्या सुनेला जे खुपते ते दिरांना दिसत नाही. एखाद्या मंडळातील व्यवहार एकाच सभासदाला खटकतो. वर्गातील एकच मूल म्हणते, की मला येथे भीती वाटते. आपण पडद्याकडे पाहतो, तो शुभ्र दिसतो, आणि “तुझ्या मनाचे खेळ आहेत” असे म्हणून मोकळे होतो. आपल्याला दिसले नाही, हे आपल्यापुरते प्रामाणिक विधान आहे. तेथे काही नाहीच, हा मात्र निवाडा आहे. या दोहोंमधील अंतर जो ओळखतो, तोच न्यायाने वागू शकतो.

पाठीमागून चित्र फेकणारे घरगुती संच बनवणारी शेवटची मोठी कंपनी मित्सुबिशी हिनेही २०१२ साली ते बनवणे थांबवले. त्या पेट्यांबरोबर त्यांचे इंद्रधनुष्यही घराघरांतून गेले. परंतु आपल्या शेजारी बसलेला चौथा माणूस आजही काहीतरी सांगत असतो. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे नाही. डोळे उघडे ठेवून एकदा हात हलवून पाहावा, एवढीच अपेक्षा आहे.