तवक्कुल कोणाच्या जिवावर?

१४ एप्रिल २०२१ला पहिला रोजा होता. त्याच रात्री आठपासून राज्यात संचारबंदी लागू होणार होती. मारुंजीत आमच्या घरी इफ्तारला मामू आले होते. हिंजवडीचे आयटी पार्क उभे राहत होते तेव्हापासून मामू या भागात वायरिंगची कामे घेतात. बांधकामावरच्या मजुरांनी वर्गणी काढून एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. तिथे तरावीहची नमाज व्हावी असे मामूंचे म्हणणे होते, होऊ नये असे माझे.

"कुंभमेळा चलता, इलेक्शन की सभा चलती, अपनी तरावीच नई चलती क्या?" मामू म्हणाले. मग शांतपणे पुढचे वाक्य बोलले, "मौत जहाँ लिखी है वहाँच आएगी बेटा."

त्या महिन्यात असे वाद किती घरांत झाले असतील! एकाच घरात एक भाऊ लस घेण्यासाठी रांगेत उभा आणि दुसरा लसीत काय मिसळले आहे याचे व्हिडिओ सगळ्यांना पाठवणारा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे की मुसलमान म्हणजे एकच मत. आत मात्र आम्ही एकमेकांशी भांडत होतो, आणि दोन्ही बाजू धर्माचेच दाखले देत होत्या.

मी मामूंना हजरत उमर यांची गोष्ट सांगितली. इसवी सन ६३९च्या सुमारास खलिफा उमर शामच्या प्रवासाला निघाले होते. सर्ग या ठिकाणी पोहोचल्यावर कळले की पुढे प्लेग पसरला आहे. त्यांनी मुहाजिरांना विचारले, त्यांच्यात दोन मते पडली. अन्सारांना विचारले, त्यांच्यातही दोन मते. म्हणजे पैगंबर साहेबांच्या प्रत्यक्ष सहवासात राहिलेली माणसेसुद्धा साथीपुढे एकमताची नव्हती. शेवटी कुरैशांतल्या ज्येष्ठांनी परत फिरा असे सांगितले आणि उमर यांनी ते मानले. सेनापती अबू उबैदा यांना ते रुचले नाही. अल्लाने लिहिलेल्यापासून पळता काय, असे त्यांनी विचारले. उमर यांचे उत्तर असे की, होय, एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कुठेही चारलात तरी ते अल्लाच्याच मर्जीने घडते. पुढे अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरांची शिकवण सांगितली, ती अशी की साथीच्या गावात जाऊ नये आणि साथीच्या गावात असाल तर तिथून पळू नये.

मला वाटले, मी जिंकलो. पण ही गोष्ट इथे संपत नाही, आणि आपल्याकडे पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. उमर यांनी नंतर अबू उबैदांना पत्र पाठवून बोलावून घेतले. ते गेले नाहीत. सैन्य सोडून मी येणार नाही म्हणाले, तिथेच राहिले आणि त्याच साथीत वारले. त्यांच्या जागी आलेले मुआज बिन जबलही वारले. मग अम्र बिन आस यांनी लोकांना डोंगरांत पांगवले आणि साथ ओसरली. चूक कोणाची म्हणायची? अम्र यांचा उपाय योग्य होता हे उघड आहे. पण अबू उबैदांचा तवक्कुल, म्हणजे अल्लावरचा भरवसा, याची थट्टा मी करू शकत नाही. त्यांनी पणाला लावला तो स्वतःचा जीव, आणि तोही आपल्या माणसांना सोडून जायचे नाही म्हणून. आपल्या मोहल्ल्यात तवक्कुल या शब्दाची जी उधळण चालते तिच्यात जीव बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. घरातल्या म्हाताऱ्या आईचा, शेजाऱ्याचा.

अर्थात माणसे फक्त श्रद्धेपोटी अडून बसतात असे मानणे भाबडेपणाचे आहे. चिंचवड इथून फार दूर नाही. १८९७च्या प्लेगात गोरे सोजीर पुण्यातल्या घरांत शिरले, माजघरात, देवघरात गेले. त्या संतापातून चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ला रँडवर गोळी झाडली. पुढच्या वर्षी ९ मार्चला मुंबईत मदनपुऱ्यातल्या मुसलमान विणकरांनी आजारी मुलीला इस्पितळात नेऊ दिले नाही, दंगा झाला, गोळीबार झाला. धर्म वेगळे, पण अपमान एकाच जातीचा होता. त्याच काळात आगाखान यांनी आपल्या जमातीची भीती जावी म्हणून हाफकिनची लस सर्वांसमोर स्वतःला टोचून घेतली. सावित्रीबाई फुले प्लेगची लागण झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि १० मार्च १८९७ला त्याच रोगाने गेल्या.

२०२०मध्ये आमच्या वाट्याला अपमान आलाच. निजामुद्दीनच्या मरकजनंतर भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली गेली. २१ ऑगस्ट २०२०ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असे म्हटले. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. इचलकरंजीच्या मुसलमानांनी त्याच रमजानमध्ये ३६ लाख रुपये जमवून सरकारी रुग्णालयाला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग दिला, ती बातमी मात्र किती जणांच्या लक्षात आहे? हे सगळे मामूंना ठाऊक होते. कुंभाचा दाखला ते देत होते तो याच जखमेतून. दाखला खरा होता. त्याने शेडमधली हवा मात्र बदलणार नव्हती. मी तसे म्हणालो.

त्यावर मामूंनी जे विचारले त्याचे उत्तर मला अजून नीट देता आलेले नाही. साइट चालू राहणार, कारण मजूर तिथेच राहतात. दहा जण एका खोलीत झोपतात, दिवसभर एकत्र स्लॅब ओततात. तेव्हा कोणाला साथ आठवत नाही. मग तासाभराच्या नमाजेलाच का आठवते? आणि तू घरात बसून कंपनीचे काम करतोस, तुझे दूध, भाजी, औषध आणणारा पोरगा कुठल्या तकदीरीवर फिरतो?

मी म्हणालो, एक धोका टळत नाही म्हणून दुसरा वाढवायचा काय? हे तर्काला धरून होते. पण तवक्कुल दुसऱ्याच्या जिवावर करू नये असे मामूंना शिकवणारा मी, माझी सावधगिरी कोणाच्या जिवावर उभी होती? त्या पोराला मी पैसे देत होतो. पैसे दिले म्हणजे त्याच्या जिवाचा धोका माझ्या हिशेबातून वजा होतो, असे कुठल्या शरियतमध्ये किंवा कुठल्या नीतिशास्त्रात लिहिले आहे? हजरत उमर परत फिरले तेव्हा त्यांचे सामान घेऊन कोणी पुढे गेले नव्हते.

वाद तिथेच राहिला. इशाच्या आधी सेंटरिंगचे काम करणारा एक बिहारी मुलगा मामूंकडे आला. दोन दिवसांपासून ताप आहे, नमाजेला येणार नाही म्हणाला. ठेकेदाराला सांगू नका, रोज बुडेल, खोलीतूनही काढतील, अशी विनवणी केली. मामूंनी शेडला कुलूप घातले. माझ्या दाखल्यांचा त्यात काही वाटा नव्हता. ठेकेदाराला त्यांनी सांगितले, मुलाला तपासणीला नेले, आणि त्याचा रोज स्वतःच्या खिशातून देऊ लागले. खोलीतल्या बाकीच्या नऊ जणांना शेडमध्ये झोपायला जागा दिली. पुढचे बारा दिवस त्या मुलाच्या दाराशी दोन वेळचा डबा ठेवून येत होते.

डबा आमच्याच घरून जाई. तो घ्यायला मामू आले की मी दारातून हात लांब करून देत असे. तांदूळ संपले तेव्हा मी फोनवरून मागवले.